काही नाही, घरीच असते



लागणीच्या नोंदी घेण्यासाठी आम्हा शेतकी खात्याच्या माणसांना वर्षातून दोन-चार वेळा तुमच्या ओसरीवर बसावेच लागते. गट नंबर, क्षेत्र, उसाची जात, लागणीची तारीख, पाण्याची सोय असे ठरलेले प्रश्न असतात. मागच्या हंगामाच्या नोंदी घेताना गोदाकाठच्या एका गावात एका सभासदाच्या घरी असाच बसलो होतो. लागणीची तारीख विचारली. सभासद म्हणाले, "लिव्हा, दहा जुलै." तोच आतून आवाज आला, "दहा न्हाई, बावीस. दहाला बेणंच आलं नव्हतं. पावसानं ट्रॅक्टर वड्यात अडकला होता."

सभासद हसले आणि म्हणाले, "लिव्हा बावीस. तिचंच बरोबर आसंल."

मग बाळभरणीला कोणते खत दिले, मोठी बांधणी कधी झाली, मागचा खोडवा किती टन निघाला हे सगळे आतूनच कळले. नोंद पूर्ण झाली तेव्हा मी सहज विचारले, "वहिनी काय करतात?" त्यावर उत्तर मिळाले, "काही नाही, घरीच असते."

तोडणीचा कार्यक्रम लागणीच्या तारखेवर लागतो हे तुम्ही जाणताच. बारा दिवसांची चूक झाली असती तर पाळी चुकली असती आणि मग तेच सभासद गट कार्यालयात येऊन आमच्याशी भांडले असते. ती चूक जिने टाळली ती "काही नाही" करते! हे वाक्य मला तुमच्या दहांपैकी आठ घरांत ऐकू येते. म्हणून आज खत, पाणी आणि खोडवा बाजूला ठेवून या एका वाक्याविषयी लिहायचे ठरविले आहे.

चहा आला तेव्हा मी वहिनींनाच विचारले, शिक्षण किती? म्हणाल्या, "बी.ए. झालंय. शेवटचा पेपर दिला तवा थोरला पोटात होता." पुढे काय करायचे मनात होते, असे विचारल्यावर त्यांनी आधी मालकाकडे पाहिले. मग म्हणाल्या, "बँकेत लागायचं होतं. हिशोब मला आवडतो. आताबी बिलाचा, उचलीचा हिशोब मीच ठेवते. पासबुकावर नाव तेवढं माझं न्हाई." मालक चकित झाले. "मला तर कधी बोलली न्हाईस." त्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "तुमी कधी इचारलं?"

दुसऱ्याला नावे ठेवण्याआधी स्वतःचे सांगतो. मुलीच्या शाळेच्या अर्जावर आईचा व्यवसाय या रकान्यात मी बायकोला न विचारता 'घरकाम' असे लिहून मोकळा झालो होतो. तिने ते वाचले आणि म्हणाली, "खोटं नाही लिहिलंत, पण विचारायचं तरी होतं." कृषी पदविका घेऊन गावोगाव शेतकऱ्याला शहाणपण शिकवणारा मी त्या दिवशी निरुत्तर झालो.

आता हे "काही नाही" म्हणजे किती, ते आधी मोजू. शेतीत आपण मोजल्याशिवाय बोलत नाही. केंद्र शासनाच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली आणि पुन्हा २०२४ साली देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरातले बिनपगारी काम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात असे २०२४ साली दिसले. असे काम करणाऱ्या पुरुषाची जातात ८८ मिनिटे. लेकरांचे, म्हाताऱ्यांचे, आजाऱ्यांचे करण्याचा वेळ यात धरलेला नाही, तो निराळा. २८९ मिनिटांप्रमाणे वर्षाचा हिशोब करा. आठ तासांचा एक रोज धरला तर जवळजवळ २२० रोज होतात. गडी ठेवून एवढे काम करून घेतले असते तर त्याची मजुरी तुम्ही वहीत लिहिली असती. हे काम मात्र कोणत्याच वहीत नाही.

कोर्टाने ही किंमत मोजली आहे. घर सांभाळणाऱ्या बाईचा अपघाती मृत्यू झाला तर भरपाई किती द्यावी, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे वेळोवेळी आला. २०१० सालच्या एका निकालात, जनगणनेत गृहिणींना भिकारी आणि कैदी यांच्याबरोबर काम न करणाऱ्यांच्या रांगेत बसविले जाते याबद्दल न्यायालयाने स्पष्ट नापसंती दाखविली. २०२१ सालच्या निकालातही घरकामाला किंमत आहे आणि ती धरलीच पाहिजे असे सांगितले. चांगलेच झाले. पण बंधूंनो, ती गेल्यावर तिच्या कामाचा हिशोब निघतो आणि जिवंतपणी "काही नाही" म्हटले जाते, हे आपल्याला शोभते काय?

येथे एक गोष्ट मोकळेपणाने कबूल केली पाहिजे. बाईला शेतीच्या कारभारातून उठवून घरात बसविण्यास आपला ऊसही कारण झाला आहे आणि तो ऊस तुमच्या शिवारात वाढविणाऱ्यांत मीही आहे. जुन्या माणसांना आठवेल. पैठणच्या कालव्याचे, माजलगाव धरणाचे पाणी येण्याआधी आपली शेती ज्वारी, बाजरी, तूर, करडई, भुईमूग यांची होती. पुढच्या साली कोणते बियाणे पेरायचे ते घरातली म्हातारी ठरवायची. कणसे ती निवडायची आणि बी राख लावून गाडग्यात तीच ठेवायची. खुरपणी तिची, मळणीनंतरचे उफणणेही तिचे. शेंगा-तीळ विकून आलेले चार पैसे तिच्या लुगड्याच्या गाठीला असायचे. कष्ट फार होते, त्यांचे गोडवे मी गाणार नाही. पण शेतात काय चालले आहे हे तिला विचारल्याशिवाय होत नव्हते.

ऊस आला आणि बेणे कारखान्याकडून, खत सोसायटीकडून, तणनाशक दुकानातून येऊ लागले. तोडणीला टोळी कारखान्याची आणि बिल मालकाच्या खात्यावर. घराला चार पैसे आले, पत्र्याच्या जागी स्लॅब पडला, सून शिकलेली मिळू लागली. बारावी झालेली, पदवी घेतलेली, डी.एड. केलेली मुलगी उसाच्या घरात आली. आता तिने बांधावर जाणे हे घराला कमीपणाचे वाटू लागले आणि बाहेर नोकरीला जाणे त्याहून. शिक्षण पेटीत कुलूपबंद. बरे, सगळ्यांना एवढे शिकायलाही मिळत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या ४३.७ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पुरी होण्याआधी झालेले होते. शाळेतून उठवून मांडवात बसविलेल्या मुलीचे मन मोठे होऊन आई झाल्यावरही त्या शाळेतच अडकून राहते. मुलाचा अभ्यास घेताना त्याच्याआधी त्याचे पुस्तक वाचून काढणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत.

मनातली इच्छा दाबून ठेवली की ती जात नाही. वेळेवर न तुटलेल्या उसासारखे होते. तुरा येतो, आतून दशी पडते, वजन घटते आणि वरून मात्र फड हिरवाच दिसतो. घरात खायला-प्यायला कमी नसताना बाईला झोप लागत नाही, डोके धरते, लेकरांवर उगीच हात उठतो, अंगात त्राण राहत नाही. आपण म्हणतो, हिला काय कमी आहे? कोणी देवऋषी गाठतो, कोणी माहेरी पाठवितो. त्याऐवजी दोन गोष्टी करा. एक, रक्त तपासून घ्या. त्याच पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले होते. पिवळ्या पडलेल्या उसाला आपण लोह देतो, घरच्या माणसाकडे लक्ष नको का? दुसरे, तिच्याशी बोला. मनाचे दुखणे हेही दुखणेच आहे. त्यासाठी शासनाची टेलिमानस ही फुकट फोनसेवा २०२२ सालापासून आहे, नंबर १४४१६. मराठीत बोलता येते. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

यावर जी उत्तरे मिळतात ती मला पाठ आहेत. वडीलधारे म्हणतात, "आमच्या आईनं कुठं करिअर केलं? तिचं काय वाईट झालं?" आईचे काय झाले ते आईला विचारले होते का, एवढाच माझा प्रश्न आहे. आणि बाहेरच्या कामात पडलेल्या घरंदाज बाईचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. केशरकाकू क्षीरसागर संसार सांभाळून राजुरीच्या सरपंच झाल्या आणि १९८० साली बीडच्या खासदार म्हणून दिल्लीला गेल्या. त्यांच्या राजकारणाशी कोणाचा मतभेद असेल. पण एका खेड्यातल्या गृहिणीला काय करता येते, हे त्यांनी साऱ्या मराठवाड्याला दाखविले.

दुसरे उत्तर जास्त वजनदार आहे. "साहेब, कोयत्यावर जाणाऱ्या बाईकडे बघा. तिला पाचटात बाळंत व्हावं लागतं. आमच्या बायका सावलीत आहेत, त्यांचं कसलं दुःख?" हे खरे आहे आणि ते आपण विसरता कामा नये, कारण आपला ऊस तीच तोडते. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने नेमलेल्या समितीने २०१९ साली आपल्या जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यांतल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. ते दुःख फार मोठे आहे. त्या बाईला विचारले तर ती म्हणेल, मला सहा महिने लेकरांजवळ घरी राहायला मिळाले तर मी देव पाहिला. म्हणजे एकीला घरी राहायचे आहे आणि तिला राहू दिले जात नाही. दुसरीला उंबरा ओलांडायचा आहे आणि तिला ओलांडू दिला जात नाही. दोघींचा निर्णय तिसराच कोणीतरी घेतो. एकीचे मोठे दुःख दाखवून दुसरीला गप्प बसविणे हा न्याय नव्हे.

आणि जिला मनापासून घरीच राहायचे आहे तिला कोणी हिणवू नये. लेकरे वाढविणे हे मोठे काम आहे. मात्र ते तिने ठरविलेले असावे आणि "काही नाही" हा शब्द त्याला लावू नये.

मग करायचे काय? नुसता उपदेश करून मी थांबणार नाही. चार ठोस गोष्टी सुचवितो.

पहिली गोष्ट माझ्या खात्यातली. ज्या बेण्याची निवड बाईच्या हातून गेली तीच रोपवाटिकेच्या रूपाने तिच्या हाती परत देता येईल. एक डोळ्याच्या उसाच्या रोपांना आता चांगली मागणी आहे. नऊ-दहा महिन्यांचे निरोगी बेणे, प्लास्टिकचे ट्रे, कोकोपीट, परसात थोडे शेडनेट आणि खात्रीचे पाणी एवढ्यावर काम सुरू होते. डोळे बेणेप्रक्रिया करून ट्रेत लावायचे, कोंब फुटेपर्यंत चार-पाच दिवस ट्रे झाकून ठेवायचे आणि नंतर झारीने पाणी. महिना-सव्वा महिन्यात रोप लावायला तयार होते, थंडीत थोडे जास्त दिवस लागतात. पाच फूट सरी आणि दोन फूट अंतर धरले तर एकराला ४,३५६ रोपे, म्हणजे ४२ कपांचे सुमारे १०४ ट्रे लागतात. समजा एका बाईने दहा एकरांची रोपे केली आणि खर्च वजा जाता रोपामागे आठ आणेच राहिले, तरी २१,७८० रुपये होतात. यात निगुतीचे, नजरेचे आणि हिशोबाचे काम आहे. ते तुमच्या घरात कोणाला चांगले जमते हे तुम्हाला ठाऊक आहे.

पण एक अट. हे काम त्या २८९ मिनिटांच्या डोक्यावर आणखी एक ओझे म्हणून देऊ नका. सकाळी चूल, दुपारी रोपे, रात्री पुन्हा चूल असे झाले तर तिच्या बरेपणाचे नाव काढू नये. रोपवाटिकेच्या दिवसांत पाणी भरणे, जनावरांचे वैरणपाणी, लेकरांना शाळेत पोचविणे ही कामे पुरुषांनी अंगावर घ्यावीत. मिशीचा पीळ त्याने कमी होत नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. जे तिने कमावले ते तिच्याच खात्यावर जावे आणि पासबुक तिच्याच पेटीत राहावे. २०२४ साली लाडकी बहीण योजना सुरू झाली तेव्हा पुष्कळ घरांत बाईच्या नावावर पहिल्यांदाच नियमाने पैसे आले. ते काढायला कोण गेले आणि कोणी खर्चले, हे ज्याने त्याने मनाशी आठवावे.

तिसरी गोष्ट सातबाऱ्याची. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन भरले. पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी घरच्या लक्ष्मीच्या नावे जमिनी करून दिल्या. १९९२ साली शासनानेही लक्ष्मीमुक्ती योजना काढली. पतीच्या अर्जावरून पत्नीचे नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लागते. तलाठ्याकडे, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, चौकशी करा. नाव लागले की ती शेतकरी ठरते. तिच्या नावाने उसाची नोंद होऊ शकते आणि उपविधीप्रमाणे भाग घेऊन ती आपली सभासदही होऊ शकते. सहकार कायद्याप्रमाणे संचालक मंडळात महिलांच्या दोन जागा राखीव असतात. त्या जागांवर बसणारी भगिनी नुसती सहीपुरती नको असेल, तर आधी सभासदांच्या यादीत बाया पाहिजेत.

चौथी गोष्ट शिक्षणाची. ज्यांचे शिक्षण मध्येच सुटले त्यांच्यासाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ सालापासून आहे. घरी राहून अभ्यास करता येतो. उसाचेच शिकायचे असेल तर मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने महिलांसाठी 'ज्ञानलक्ष्मी' नावाचे प्रशिक्षणवर्ग घेतले आहेत. आपल्या माणसांना आपण ज्ञानयागाला हौसेने पाठवितो. एखाद्या साली घरातल्या दुसऱ्या माणसाला पाठवून पाहा.

संचालक मंडळालाही माझी नम्र विनंती आहे. आपल्या शेतकरी मेळाव्यात महिलांना हळदीकुंकू आणि पाककृतीपुरते बोलावले जाते. यंदा त्यांच्यासाठी रोपवाटिकेचे प्रात्यक्षिक ठेवावे आणि कारखान्याला लागणाऱ्या रोपांपैकी काही वाटा सभासदांच्या घरच्या भगिनींकडून घ्यावा. वारणानगरला तात्यासाहेब कोऱ्यांच्या काळात कारखान्याच्या सावलीत भगिनी मंडळ उभे राहिले आणि पुढे तेथे पापड लाटून महिला स्वतःच्या कमाईच्या धनी झाल्या. तेथे जे झाले ते आपल्या मराठवाड्यात होणार नाही असे समजण्याचे कारण नाही.

असो. त्या गोदाकाठच्या घरी मी पुन्हा गेलो होतो. वहिनींनी ओसरीवर वीस ट्रे मांडले होते. वीसपैकी तीन ट्रेतली रोपे पाणी जास्त होऊन कुजली होती. ते त्यांनी लपविले नाही, वहीत लिहून ठेवले होते. वहीच्या वर त्यांचे स्वतःचे नाव होते. सासूबाईंची नाराजी अजून गेलेली नाही आणि सातबाऱ्याचा अर्ज मालकाने अजून दिलेला नाही. देतो म्हणतात. मी त्यांच्या मागे लागलो आहे.

यापुढे नोंदीला येईन तेव्हा तुमच्या घरी एक प्रश्न जास्त विचारणार आहे. लागणीची तारीख तुम्हाला विचारीन, आणि वहिनींना काय करायचे आहे, ते वहिनींनाच विचारीन. तुम्ही मात्र मी येईपर्यंत थांबू नका. आज रात्री जेवण झाले की तुम्हीच विचारा, आणि उत्तर येईपर्यंत जागचे उठू नका.

जय सहकार!

आपला,
ऊस विकास अधिकारी